पेवातील दिवा

पूर्वी महाराष्ट्रातील अनेक गावांत धान्य साठविण्यासाठी जमिनीत पेवे खणीत असत. जेथे पाणी लागत नाही अशी उंचवट्याची घट्ट जमीन पाहून तीत खड्डा घेत. त्याचे तोंड एक माणूस जेमतेम उतरू शकेल एवढे अरुंद ठेवीत. खाली मात्र रांजणाच्या पोटासारखी रुंद पोकळी करीत. आतील बाजूंना कडबा लावून त्यात ज्वारी भरीत, तोंडावर फरशी ठेवीत आणि तिच्या कडा मातीने लिंपून टाकीत. असे बंद केलेले पेव महिनोन्‌महिने उघडण्याचे कारण पडत नसे. पाऊस हुलकावणी देऊन गेला आणि शेतात काही पिकले नाही, म्हणजे जमिनीच्या पोटातील हाच साठा घराला तारून नेई. सांगलीजवळच्या हरिपूर गावी हळद साठविण्यासाठी अशीच पेवे वापरीत आले आहेत; २००५ सालच्या महापुरात त्यांपैकी पुष्कळांची हानी झाली. आता बहुतेक ठिकाणी पेवांची जागा गोदामांनी घेतली आहे. तरी एखादी गोष्ट एकाएकी भरमसाट दिसू लागली, की तिचे 'पेव फुटले' असे मराठी माणूस अजूनही म्हणतो.

पेव उघडण्याचा दिवस घरात मोठ्या गडबडीचा असे. लिंपण फोडून फरशी बाजूला सारली, की आतून कोंदट, आंबूस वास येई. मुले उत्सुकतेने वाकून पाहू लागत. पण घरातील जाणता माणूस त्यांना दंडाला धरून मागे ओढी. पेवाचे तोंड पुष्कळ वेळ तसेच उघडे ठेवले जाई. मग तो कंदील पेटवी आणि दोराला बांधून हळूहळू खाली सोडी. सर्वांची दृष्टी त्या लहानशा ज्योतीवर खिळलेली असे. ज्योत तळापर्यंत नीट तेवत राहिली, तरच गडी कमरेला दोर बांधून खाली उतरे. ती वाटेतच मंदावली, फडफडली आणि विझली, तर त्या दिवशी पेवात कोणी पाऊल घालीत नसे.

त्या जाणत्या माणसाने रसायनशास्त्राचे पुस्तक कदाचित कधी हाती धरलेही नसेल. परंतु जेथे दिवा जगत नाही तेथे माणूसही जगत नाही, एवढे त्याला पक्के ठाऊक होते. हे ज्ञान लोकांना फुकट मिळालेले नव्हते. दिवा न सोडता घाईने उतरलेला माणूस तळाशी पोहोचताच कोसळावा, त्याला काढण्यासाठी भाऊ उतरावा आणि त्याचीही तीच गत व्हावी, असे प्रसंग पेवांत आणि जुन्या विहिरींत वारंवार घडत आले आहेत. कंदिलाची ती रीत अशा दुःखांतून शिकलेली होती.

आता शाळेतील एखाद्या विद्यार्थ्याचा विचार करावा. त्याच्यापाशी तीन वह्या असतात: एक पदार्थविज्ञानाची, दुसरी रसायनशास्त्राची आणि तिसरी जीवशास्त्राची. परीक्षा जवळ आली म्हणजे तो उजळणीस बसतो. पहिल्या वहीत घनतेची व्याख्या असते, ती तो पाठ करतो. दुसऱ्या वहीतून वायूंचे गुणधर्म म्हणून दाखवितो. तिसऱ्या वहीत श्वसनाचे प्रकरण असते, त्यातील आकृती काढून पाहतो. एक वही मिटावी, मग दुसरी उघडावी, असा त्याचा क्रम असतो. अशा विद्यार्थ्याला कोणी विचारले, की "पेवातील दिवा का विझला?" तर त्याने कोणती वही उघडावी? हा प्रश्न एका वहीत मावत नाही. त्याचे उत्तर हवे असेल तर तिन्ही वह्या एकाच वेळी उघडून शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात.

प्रथम रसायनशास्त्राची वही पाहावी. कारण दिव्याचे जळणे हा तिचा विषय आहे. कंदिलात रॉकेल घालतात. रात्रभर दिवा जळला की सकाळी रॉकेल कमी झालेले दिसते. ते गेले कोठे? रॉकेल मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन ह्या दोन मूलद्रव्यांचे बनलेले असते. ज्योतीच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि त्या वाफेतील कार्बनाचा व हायड्रोजनाचा हवेतील प्राणवायूशी संयोग घडतो. कार्बनापासून कार्बन डायऑक्साइड वायू होतो, हायड्रोजनापासून पाण्याची वाफ होते आणि ह्या संयोगातून जी शक्ती बाहेर पडते, तीच उष्णता व प्रकाश ह्या रूपांनी प्रकट होते. रॉकेल नाहीसे झालेले नसते. ते हवेशी संयोग पावून दोन अदृश्य पदार्थांच्या रूपाने हवेत मिसळलेले असते.

ह्या संयोगास प्राणवायू अवश्य लागतो. कोरड्या, शुद्ध हवेच्या शंभर भागांत सुमारे ७८ भाग नत्रवायू व सुमारे २१ भाग प्राणवायू असतो. उरलेल्या एका भागात आरगॉन हा वायू प्रामुख्याने असतो. कार्बन डायऑक्साइड फारच थोडा, म्हणजे शंभरांत सुमारे ०.०४ भाग एवढाच असतो. दिव्याला हवेतील सगळा प्राणवायू संपेपर्यंत जळता येत नाही. शंभर भागांत प्राणवायूचे सुमारे सोळा भाग उरले, की साधी ज्योत विझू लागते. म्हणजे पेवात दिवा विझला तेव्हा त्याने एक निरोप वर पाठविला, असे समजावे. येथील प्राणवायू बराच खर्च झाला आहे, असा तो निरोप होय.

प्राणवायूची ओळख माणसाला होऊन अद्याप अडीचशे वर्षांच्या वर फारसा काळ लोटलेला नाही. १७७४ साली जोसेफ प्रीस्टली ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकत्र करून पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर पाडले. त्यातून जो वायू निघाला, त्यात मेणबत्ती नेहमीपेक्षा कितीतरी अधिक तेजाने जळू लागली. कार्ल शेले ह्या शास्त्रज्ञानेही हाच वायू स्वतंत्रपणे मिळविला होता. फ्रान्समध्ये आन्त्वान लाव्हाझिये ह्याने ह्या प्रयोगांचा अर्थ लावला आणि वस्तू जळते म्हणजे तिचा ह्या वायूशी संयोग होतो, हे वजने करून सिद्ध केले.

जळण्यातून जो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, तो डोळ्यांना दिसत नाही. पण त्याला पकडण्याचे साधन घराघरांत सापडते. पानाला लावावयाचा चुना पाण्यात कालवून ते पाणी काही तास निवत ठेवले, की वर स्वच्छ पाणी येते. तिला चुन्याची निवळी म्हणतात. एका पेल्यात निवळी घेऊन तीत नळीने हळूहळू फुंकर घातली, तर थोड्याच वेळात ती दुधासारखी पांढरी होते. फुंकरेतील कार्बन डायऑक्साइडचा चुन्याशी संयोग होऊन खडूच्या जातीचा एक न विरघळणारा पदार्थ तयार होतो आणि त्याचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगू लागतात. हा प्रयोग मोठ्या माणसासमोरच करावा आणि निवळी ओढून तोंडात येणार नाही, डोळ्यांत उडणार नाही, याची काळजी घ्यावी. दिवा जेथे जळला त्या बाटलीतही निवळी घालून हलविली तर ती पांढरी होते. दिव्याच्या ज्योतीतून आणि माणसाच्या तोंडातून एकच वायू बाहेर पडतो, ही गोष्ट एक पेलाभर निवळी अशा रीतीने सांगून जाते.

येथवर रसायनशास्त्राने उत्तर दिले. परंतु त्या उत्तरातूनच एक नवा प्रश्न उभा राहतो. पेव बंद होते. आत दिवाही नव्हता आणि माणूसही नव्हता. मग तेथील प्राणवायू खाल्ला कोणी? रसायनशास्त्राची वही येथे थांबते आणि जीवशास्त्राची उघडावी लागते.

ज्वारीचा दाणा हातात घेतला तर तो खड्यासारखा निर्जीव वाटतो. पण तोच दाणा पावसाळ्यात शेतात पडला, की त्याला कोंब फुटतो. निर्जीव वस्तूला कोंब फुटत नाही. तेव्हा दाण्यात जीव होता हे उघड आहे. दाण्याच्या एका कडेला इवलासा अंकुर झोपी गेलेला असतो आणि त्याच्या शिदोरीसाठी शेजारी पिठूळ अन्न साठविलेले असते. निजलेल्या माणसाचा श्वास मंद होतो, पण थांबत नाही. त्याचप्रमाणे निजलेला दाणाही श्वसन करीतच असतो. तो आसपासच्या हवेतील प्राणवायू घेतो, आपल्या शिदोरीतील थोडेसे अन्न खर्च करतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. एका दाण्याचा हा खर्च नगण्य होय. परंतु पेवात लक्षावधी दाणे महिनोन्‌महिने श्वास घेत बसलेले असतात. शिवाय धान्यात राहून गेलेले किडे आणि ओलाव्याने वाढणारी बुरशी हीही सजीवच आहेत. धान्य जितके ओलसर, तितके हे श्वसन अधिक वेगाने चालते. हळदीचे कंद शिजवून वाळविलेले असल्यामुळे स्वतः श्वसन करीत नाहीत. पण त्यांच्या सांदीकोपऱ्यांतील किडे व बुरशी श्वसन करू शकतात.

बाहेरच्या जगात हिरवी पाने सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइड घेतात व प्राणवायू परत देतात. प्रीस्टलीने १७७१ साली असे पाहिले होते, की मेणबत्ती जळून बिघडलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी काही दिवस ठेवली असता ती हवा पुन्हा मेणबत्ती जाळण्याजोगी होते. पेवात मात्र हिरवे पानही नसते आणि उजेडही नसतो. तेथे प्राणवायूचा खर्च आहे, पण जमा नाही. ह्याच कारणाने पेवातील किडे काही काळाने मरतात आणि धान्य टिकते. धान्याला जे राखते, तेच आत उतरणाऱ्या माणसाच्या जिवावर उठते.

हे श्वसन घरबसल्या पाहता येते. मोड आलेली मटकी काचेच्या बरणीत निम्म्यापर्यंत भरावी आणि झाकण घट्ट लावून ती रात्रभर ठेवावी. दुसऱ्या दिवशी झाकण उघडताच पेटलेली लहान मेणबत्ती तारेला बांधून बरणीत सोडावी. ज्योत आत जाते न जाते तोच विझते. ती बरणी म्हणजे एक लहानसे पेवच होय.

दिव्याचे जळणे आणि प्राण्याचे श्वसन ह्यांत एवढे साम्य कसे, हा विचार लाव्हाझियेच्याही मनात आला. १७८३ च्या सुमारास त्याने लाप्लास ह्या गणितज्ञाच्या साहाय्याने एक विलक्षण प्रयोग केला. बर्फाने वेढलेल्या भांड्यात त्यांनी एक गिनीपिग ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळले आणि त्याने किती कार्बन डायऑक्साइड सोडला, हे त्यांनी मोजले. मग तेवढाच कार्बन डायऑक्साइड निर्माण होईल इतका कोळसा जाळून किती बर्फ वितळते, हे ताडून पाहिले. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले नाहीत, परंतु ते इतके जवळ होते, की लाव्हाझियेने निष्कर्ष काढला: श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे. दिव्यात तेल जळते, शरीरात अन्न जळते. दिव्यात हे काम ज्योतीच्या रूपाने भरकन होते. शरीरात ते पेशीपेशींतून, पायरीपायरीने आणि ज्योतीवाचून होते. दोघांनाही प्राणवायू लागतो आणि दोघेही कार्बन डायऑक्साइड व पाणी बाहेर टाकतात.

म्हणून पेवात उतरणाऱ्या माणसाची गत दिव्यासारखीच होते. माणूस जी हवा आत घेतो, तिच्या शंभर भागांत प्राणवायूचे २१ भाग असतात. जी बाहेर सोडतो, तिच्यात सुमारे १६ भाग उरतात आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ भाग होतो. फुप्फुसांत रक्ताला प्राणवायू मिळतो आणि रक्त तो मेंदूपर्यंत पोहोचविते. मेंदूला प्राणवायूचा तुटवडा क्षणभरही मानवत नाही. हवेत प्राणवायू फारच थोडा असेल तर काही श्वासांतच शुद्ध हरपते. कार्बन डायऑक्साइड वाढला की धाप लागते, डोके जड होते. परंतु प्राणवायू कमी झाल्याची निराळी सूचना शरीर सहसा देत नाही. हाक मारण्याचे सुचण्यापूर्वीच हातापायांतील बळ जाते. वरून पाहणाऱ्याला वाटते, की गडी पाय घसरून पडला. तो धावत त्याला उचलावयास उतरतो. ओझे उचलताना श्वास अधिकच जोराने चालतो आणि दुसराही पहिल्याशेजारी आडवा होतो.

जीवशास्त्राने आपला भाग सांगितला. पण कोडे अजून पुरते सुटलेले नाही. फरशी काढल्यानंतर पेव उघडेच असते. वर मोकळी हवा हवी तितकी आहे. मग ती खाली का जात नाही? पाण्याने भरलेल्या हौदाचे तोंड उघडले म्हणून काही पाणी आपोआप बाहेर येत नाही. तसेच येथेही घडते. हे का, ते पदार्थविज्ञानाची वही सांगते.

वायूंनाही वजन असते. साधारण तापमानास एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम भरते, तर एक लिटर कार्बन डायऑक्साइडचे सुमारे १.८ ग्रॅम. म्हणजे हा वायू हवेच्या दीडपट जड आहे. जो तळाशीच निर्माण झाला आणि जो जडही आहे, तो वर येण्याची त्वरा करीत नाही. त्यातच जमिनीखालील हवा दिवसा थंड असते आणि उन्हाने तापलेली वरची हवा हलकी असते. हलके वर आणि जड खाली अशी मांडणी आधीच झालेली असल्यामुळे हवेला वर-खाली फिरण्याचे कारणच उरत नाही. पेवाचे तोंड अरुंद असल्याने वाऱ्याची झुळूकही वरच्या वर निघून जाते.

येथे एक शंका येणे योग्यच आहे. कार्बन डायऑक्साइड जड आहे, तर साऱ्या पृथ्वीवर तो जमिनीलगत का साचत नाही? त्याचे कारण असे, की वायूंचे कण सतत धावत असतात. ते एकमेकांत शिरतात व पसरतात. आणि एकदा मिसळलेले वायू आपोआप वेगळे होऊन थरांनी बसत नाहीत. उघड्यावर वारा हे मिसळण्याचे काम भराभर करतो. बंद, अरुंद खड्ड्यात मात्र हे काम अतिशय मंद गतीने चालते आणि तोवर तळाशी नवा वायू तयार होत राहतो.

ह्याचा पडताळा पाहण्यासाठी एका रुंद, खोल काचेच्या भांड्यात उंच, मध्यम व ठेंगणी अशा तीन मेणबत्त्या उभ्या करून पेटवाव्या. त्यांच्या बुडाशी खाण्याचा सोडा पसरावा आणि भांड्याच्या कडेने हळूच लिंबाचा रस अथवा व्हिनेगर सोडावे. सोडा फसफसू लागतो व कार्बन डायऑक्साइड निघतो. प्रथम ठेंगणी मेणबत्ती विझते, नंतर मधली, शेवटी उंच. जणू न दिसणारे पाणीच भांड्यात चढत आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. हाही प्रयोग वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच करावा.

जे लहान भांड्यात घडते, ते निसर्गात मोठ्या प्रमाणावरही घडते. इटलीत नेपल्सनजीक एक गुहा आहे. ज्वालामुखीच्या प्रदेशातील ह्या गुहेत जमिनीतून कार्बन डायऑक्साइड झिरपतो आणि तळालगत साचून राहतो. पूर्वी तेथे आलेल्या प्रवाशांना हे दाखविण्यासाठी कुत्र्याला आत नेत. उभ्या माणसाचे नाक थराच्या वर असल्यामुळे त्याला काही होत नसे. खुजे कुत्रे मात्र मूर्च्छित पडे. ह्या निर्दय खेळामुळे त्या गुहेला 'कुत्र्याची गुहा' हेच नाव पडले. ह्याहून भयंकर घटना आफ्रिकेतील कॅमेरून देशात घडली. तेथील न्योस ह्या ज्वालामुखी सरोवराच्या खोल पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून साठला होता. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो एकाएकी उसळून बाहेर पडला आणि पाण्याच्या लोंढ्याप्रमाणे उतारावरून खालच्या दऱ्यांत शिरला. झोपलेली सुमारे १,७०० माणसे आणि हजारो गुरे त्यात मृत्युमुखी पडली. पुढे शास्त्रज्ञांनी कारण शोधून काढले. २००१ सालापासून सरोवरात उभे नळ बसवून खोल पाण्यातील वायू थोडा थोडा बाहेर सोडण्याची योजना सुरू झाली, ती ह्याच ज्ञानाच्या आधारे.

आता तिन्ही वह्यांतील उत्तरे एकत्र वाचावी. दाण्यांनी, किड्यांनी आणि बुरशीने श्वसन करून पेवातील प्राणवायू खर्च केला, हे जीवशास्त्राने सांगितले. तयार झालेला जड वायू थंड तळाशी साचून राहिला आणि वरची हवा त्यात मिसळू शकली नाही, हे पदार्थविज्ञानाने सांगितले. ज्वलनास पुरेसा प्राणवायू नसल्यामुळे ज्योत विझली, हे रसायनशास्त्राने सांगितले. ह्यांतील एक दुवा जरी निसटला तरी कोडे अर्धवट राहते. निसर्गाच्या घरात तीन शास्त्रांसाठी तीन वेगळ्या खोल्या नाहीत. माणसाने शिकण्याच्या सोयीसाठी त्या पाडल्या आहेत.

कारण कळले, की उपायाचाही नीट विचार करता येतो. पेव उघडून ठेवण्याची जुनी रीत योग्य होती. पण नुसते उघडे ठेवणे पुरत नाही, हे आता उमजते. आतील हवा ढवळली पाहिजे किंवा पंख्याने नळीवाटे ताजी हवा थेट तळापर्यंत नेली पाहिजे. दिव्याच्या परीक्षेची मर्यादाही ह्याच ज्ञानामुळे कळते. प्राणवायूच्या बाबतीत दिवा माणसाच्या आधी विझतो, म्हणून तो आगाऊ इशारा देऊ शकतो. परंतु काही वायू असे विषारी आहेत, की त्यांचा थोडासा अंशही माणसाला पुरतो आणि दिव्याला मात्र काहीच होत नाही. मैल्याच्या टाक्यांत व गटारांत निर्माण होणारा हायड्रोजन सल्फाइड हा तशांपैकी एक. तेथेच मिथेन हा ज्वालाग्राही वायूही साचतो; त्यात पेटता दिवा सोडला तर स्फोट व्हावयाचा. पेवासाठी जी रीत उपयोगी पडली, ती गटारात घातक ठरते. म्हणून आज अशा ठिकाणी वायू मोजण्याची यंत्रे वापरतात, पंख्याने हवा खेळवितात आणि उतरणाऱ्याला श्वसनाचे साधन व दोर देतात. संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरविणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविला आहे. तरीही अशा जागी माणसे आजही प्राणास मुकतात. कारण जे पुस्तकात छापलेले असते, ते टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी आठवतेच असे नाही.

खाली कोणी कोसळलेला दिसला तर काय करावे, हेही ह्यावरून ठरते. त्याच्यामागे उडी घेणे हे शौर्य दिसते, पण त्याने एकाऐवजी दोन जीव जातात. आरडाओरडा करून मदत बोलवावी, अग्निशामक दलाला कळवावे, ताजी हवा आत जाईल अशी व्यवस्था करावी आणि दोर बांधलेला असेल तर वरूनच ओढून काढावे. कंदिलाबरोबर गड्याच्या कमरेलाही दोर बांधणाऱ्या त्या जाणत्या माणसाचे शहाणपण येथे दिसून येते.

पाठ म्हटलेल्या धड्यावरून पुन्हा एकदा नजर फिरविणे, ह्याला मराठीत 'उजळणी' म्हणतात. हा शब्द 'उजळणे' ह्यापासून झाला आहे. देवघरातील समई वापराने काळवंडते. ती चिंचेने घासून उजळतात, तेव्हा ती पुन्हा लख्ख दिसते. ज्ञानाचेही तसेच आहे. व्याख्या घोकल्याने ती परीक्षेपुरती जवळ राहते. पण समोरच्या एखाद्या साध्या गोष्टीला 'का?' असे विचारून, मिळालेल्या उत्तराला पुन्हा 'का?' विचारीत गेले, म्हणजे तीन वह्यांतील ज्ञान एकमेकांना उजळू लागते. मोड आलेली मटकी, देवापुढची समई, चुन्याची निवळी, चुलीवरचा धूर ह्यांपैकी कोणतीही गोष्ट त्यासाठी पुरेशी आहे.

पेवाच्या तोंडाशी उभा राहून काळोखात कंदील सोडणारा तो जाणता माणूस नकळत हेच करीत होता. खाली काय आहे हे ठाऊक नसताना त्याने स्वतः उडी घेतली नाही, आणि दुसऱ्यालाही घेऊ दिली नाही. आधी उजेड पाठविला आणि त्याच्या उत्तराची वाट पाहिली. शास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याने हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.